गॅरेजवाल्याला रोगाचे नाव सांगू नका

परवाच्या रविवारी वाक्वात एका नातलगाकडे बारसे होते. पाळणा झाला, बाळाचे नाव ठेवून झाले, बायका आतल्या खोलीत गुंतल्या आणि आम्ही पुरुष मंडळी सवयीप्रमाणे अंगणात जमलो. माझ्या भाच्याची डबल कॅब गाडी तिथेच उभी होती. याच गाडीत भाजी भरून तो पहाटे बाजार गाठतो. गाडी चालली तर घर चालते, असा त्याचा संसार. "मामा, चार दिवस झाले, मागून आवाज येतोय," असे त्याने म्हणायचा अवकाश, जमलेल्यांनी भराभर निकाल द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणाले तेल संपले, कोणी म्हणाले शाफ्ट वाकला. बहुतेकांचे मत मात्र एकच पडले, "डिफरन्शिअल गेलं!" एकाने तर दुसऱ्या गाडीतून काढलेला जुना धुरा कुठे स्वस्तात मिळेल त्याचा पत्ताही सांगून टाकला. भाचा मान डोलवत राहिला. सोमवारी गॅरेजात जायचे आणि डिफरन्शिअल बदलायला सांगायचे, हे त्याने मनाशी ठरवले.

वाचकहो, या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणीच केली नाही. गाडी अंगणात उभी होती, किल्ली भाच्याच्या खिशात होती, पण चल, जरा फिरून येऊ आणि आवाज कसला आहे ते ऐकू, असे कोणालाच सुचले नाही. आवाज न ऐकताच सर्वांनी न्यायनिवाडा केला होता.

मला हसू आले नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती. तिच्या मागच्या बाजूने घूं घूं असा आवाज येऊ लागला. मी शहाणपणा केला. चार लोकांना विचारले आणि गॅरेजात जाऊन ऐटीत सांगितले, "डिफरन्शिअल गेलंय, बदलून टाका." कारागिराने बदलून दिले. दोन महिन्यांची कमाई मोजून मी गाडी बाहेर काढली, आणि घराच्या वाटेवर तोच आवाज, तसाच, घूं घूं! पुढे एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मागच्या टायरवरून नुसता तळहात फिरवला आणि मला म्हणाला, "तुम्हीही फिरवून पाहा." टायरवर लाटा उठल्या होत्या, एक उंचवटा, एक खळगा, पुन्हा उंचवटा. मागचे शॉक अॅब्सॉर्बर मेले होते. त्यामुळे चाक रस्त्यावर उड्या मारीत चालायचे आणि टायर असा झिजला होता. आवाज टायरचा होता. आपल्याकडे जुनी म्हण आहे, रोग हल्याला आणि औषध पखालीला. पाणी वाहणारा रेडा आजारी, आणि औषध पाजायचे ते त्याच्या पाठीवरच्या कातडी पिशवीला! माझे अगदी तसेच झाले.

बरेच दिवस मी त्या गॅरेजवाल्याला बोल लावीत होतो. आज वाटते, निम्म्याहून अधिक दोष माझाच होता. मी त्याच्यापुढे लक्षण ठेवले नाही, रोगाचे नाव ठेवले. त्याने गिऱ्हाइकाचा हुकूम पाळला. डॉक्टरकडे गेल्यावर आपण "पोटात दुखते, जेवल्यावर दुखते, उजव्या बाजूला दुखते" असे सांगतो. "माझे अपेंडिक्स काढा" असे कोणी म्हणत नाही. मग गाडीच्या बाबतीतच आपण सगळे सर्जन का होतो?

माझे सांगणे एवढेच आहे. गॅरेजवाल्याला रोगाचे नाव सांगू नका. आवाज केव्हा येतो, कसा येतो आणि केव्हा थांबतो, ते सांगा. आणि ते ऐकून घेणाऱ्या कारागिराला त्या ऐकण्याचे पैसे द्या.

आता ज्यांना यंत्राची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे. डबल कॅब, लॉरी, जुन्या व्हॅन अशा गाड्यांत इंजिनाची ताकद एका लांब फिरत्या दांड्यातून, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टमधून, मागे जाते. मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी भोपळ्यासारखी जी पेटी दिसते तिच्यात डिफरन्शिअल असते. दांड्याचे फिरणे काटकोनात वळवून ते चाकांना देणे, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू देणे, ही त्याची कामे. पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट असतो. टोकाला बेअरिंग, ज्याला आपल्या गॅरेजांत रुलमाँ म्हणतात, मग तेल अडवणारी सील, ब्रेक आणि चाक. आजच्या बहुतेक लहान मोटारींत मात्र इंजिन पुढची चाके फिरवते. त्यांच्या मागे डिफरन्शिअल नसतेच, नुसती बेअरिंगे, ब्रेक, स्प्रिंगा आणि रबरी बुश असतात. तरीही अशा गाडीच्या मालकालासुद्धा "डिफरन्शिअल गेलं" म्हणून सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत.

तेव्हा गॅरेजात जाण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, आवाज कशाबरोबर वाढतो? गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन जोरात चालवले तरी आवाज येत असेल, तर मागच्या धुऱ्याचा बहुधा काही संबंध नाही. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, आणि तोच वेग ठेवून गियर बदलला तरी आवाजाचा सूर बदलत नसेल, तर दोष चाके, टायर, शाफ्ट किंवा धुरा यांत शोधावा.

दुसरा प्रश्न, पायाबरोबर आवाज बदलतो का? आपल्या बेटाची जमीन यासाठी फार सोयीची आहे. पोर्ट लुईहून फिनिक्सकडे चढताना इंजिन जोर लावते. परत उतरताना पाय काढला की चाकेच इंजिनाला ओढतात. चढताना बारीक सुरात किंचाळणारी आणि पाय काढताच गप्प होणारी गाडी, किंवा याच्या उलट वागणारी गाडी, ही डिफरन्शिअलच्या क्राउन-पिनियनकडे बोट दाखवते. दोन्ही वेळी सारखीच घूं घूं करणाऱ्या गाडीत संशय चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा घ्यावा.

तिसरा प्रश्न, वळणावर काय होते? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे आपल्या गोल चौकांत गाडी बराच वेळ उजवीकडे वळत राहते आणि तिचा भार डाव्या चाकांवर येतो. तिथे आवाज वाढला तर बहुधा डावे बेअरिंग, कमी झाला तर उजवे. सरळ रस्त्यावर काहीच नाही आणि फक्त वळतानाच आवाज, असे असेल तर डिफरन्शिअलच्या आतल्या लहान चक्रांची तपासणी करावी.

चौथा प्रश्न, रस्ता बदलला की आवाज बदलतो का? खरखरीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर आल्याबरोबर आवाजाची जात बदलली तर तो टायरचा. बेअरिंगला रस्त्याचे फारसे काही वाटत नाही. शंका असेल तर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावून पाहावे. आवाजही जागा बदलून पुढे गेला, तर चोर सापडला. हा उपाय मला त्या वेळी माहीत असता तर माझे दोन महिन्यांचे पैसे वाचले असते.

पाचवा प्रश्न ठोक्यांचा. गियर टाकताना किंवा गाडी मागे-पुढे घेताना एकच 'टक्' येतो का? मग शाफ्टचा जॉइंट ढिला असेल, पाट्यांचे बोल्ट सैल असतील किंवा डिफरन्शिअलच्या दातांत मोकळीक वाढली असेल. फक्त खड्ड्यात 'खड्' वाजते का? मग शॉक अॅब्सॉर्बर, बुश, धुराड्याची रबरे पाहा, आणि त्याआधी स्टेपनी व जॅक नीट बांधले आहेत का ते पाहा. ठोके वेगाबरोबर पडत असतील तर त्यांचा ताल मोजा. अशा गाड्यांत चाक एकदा फिरते तेव्हा शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो. म्हणून चाकाचा ठोका संथ, शाफ्टचा घाईचा.

एवढे सांगून झाल्यावर एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हे प्रयोग गर्दीत करू नयेत, आणि एकट्याने गाडी चालवीत मागे कान लावू नये. ऐकायला मागच्या सीटवर दुसरा माणूस बसवावा. उतारावर गियर काढून गाडी सोडू नये. गाडी जॅकवर उचलून, इंजिन चालू ठेवून, मागची चाके फिरवत खाली वाकणारे काही धाडसी लोक असतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तसे करू नका. एक चाक जमिनीवर अडलेले असेल तर उचललेले चाक दुप्पट वेगाने फिरते, आणि जॅक घसरायला क्षण पुरतो. शिवाय चाकांवर भार नसताना येणारा आवाज खरा नसतोच. तेव्हा ते काम ज्याच्याकडे लिफ्ट आहे त्याच्यावर सोपवावे.

तर त्या रविवारी मी भाच्याला म्हटले, "चल, गाडी काढ. मी मागे बसतो." आम्ही अर्धा तास फिरून आलो. चढावर आवाज होता, उतारावर तेवढाच होता. खरखरीत रस्त्यावर होता, गुळगुळीत रस्त्यावर तोच होता. गोल चौकात शिरलो की गुरगुर वाढायची आणि सरळ झालो की कमी व्हायची. मी काही मेकॅनिक नाही. म्हणून मी निकाल दिला नाही, एका कागदावर या चार ओळी लिहून दिल्या. सोमवारी त्याने तो कागद कारागिरापुढे ठेवला. त्यानेही स्वतः गाडी फिरवून पाहिली, मग लिफ्टवर चढवली, मागचे डावे चाक हाताने फिरवले आणि दुसरा हात पाट्यावर ठेवला. पाट्यात खरखर जाणवत होती. डाव्या चाकाचे बेअरिंग गेले होते. आणि एवढेच नाही, तिथली सील गळून धुऱ्यातले तेल ब्रेकच्या आत उतरू लागले होते.

इथे जरा थांबून विचार करा. भाच्याने अंगणातल्या पंचांचे ऐकून मधले डिफरन्शिअल तेवढे बदलून घेतले असते, तर खर्च कितीतरी पट झाला असता आणि सडलेले बेअरिंग जागच्या जागीच राहिले असते. आवाज थांबला नाही म्हणून तो रडला असता, पुन्हा खर्च परवडत नाही म्हणून रेडिओ मोठा करून तशीच गाडी चालवली असती. बेअरिंग पार गेले की चाक जाम होते, प्रसंगी हाफ शाफ्टसकट बाहेर येते. तेलाने भिजलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. हाच मुलगा सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना मागे बसवून शामारेलचा घाट उतरतो. चुकीचे निदान पैसे तर घालवतेच, पण आपण दुरुस्ती केली आहे असा खोटा धीरही देते, आणि तो जास्त वाईट.

दुसऱ्या गाडीचा जुना धुरा घेण्याविषयीही एक शब्द. बाहेरून दोन धुरे सारखे दिसले तरी आतल्या दातांचे प्रमाण वेगळे असू शकते. चारही चाके फिरवणाऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे प्रमाण जुळले नाही तर नवी दुरुस्तीच नव्या मोडतोडीचे कारण होते. स्वस्तात मिळाले म्हणून आणलेली वस्तू आधी नंबर जुळवून घ्यावी.

आणखी एक गोष्ट आपल्या बेटावर विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे, ती पाण्याची. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी चढले आणि गाड्या तरंगत गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. पाण्यात सापडलेल्या गाडीची गाद्या, इंजिन, विजेच्या तारा सगळे वाळवतात. मागच्या धुऱ्याचा बोल्ट उघडून आतले तेल मात्र फार थोडे जण पाहतात. चालून तापलेला धुरा एकदम पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि हवेच्या नळीतून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग ते तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसू लागते आणि काही महिन्यांनी बेअरिंगे ओरडू लागतात. समुद्रात बोट सोडताना ज्यांची गाडी मागून खाऱ्या पाण्यात उतरते त्यांनाही हे लागू आहे. तेल बदलणे हे त्यातले सर्वांत स्वस्त काम. काढलेल्या बोल्टच्या चुंबकावर काजळीसारखा बारीक चुरा असेल तर घाबरू नये. धातूचे तुकडे असतील तर मात्र गाडी तिथेच थांबवावी.

काही तरुण म्हणतील, "काका, आता कॉम्प्युटर लावला की सगळे कळते." बाळांनो, कॉम्प्युटर जे सेन्सर सांगतात तेवढेच वाचतो. झिजलेल्या पिनियनला सेन्सर नाही, लाटा पडलेल्या टायरलाही नाही. बेअरिंग फारच ढिले झाले तर कधीकधी ब्रेकचा दिवा लागतो, पण तोवर उशीर झालेला असतो. उलट आजच्या हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत इंजिनाचा गलका नसल्यामुळे चाकांचे आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे यंत्र नवे झाले तरी कानाचे काम संपलेले नाही.

पण हा कान तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तो तयार करणाऱ्याला आपण काय देतो? माझी खरी तक्रार इथे आहे. सुटा भाग बदलला की आपण मुकाट्याने पैसे मोजतो, कारण जुना भाग हातात मिळतो. कारागिराने तासभर गाडी फिरवली, ऐकले आणि "काही बदलायला नको, हा बोल्ट घट्ट केला आहे" असे सांगितले, तर आपण म्हणतो, "मग पैसे कशाचे?" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सुटे भागच विकले जाणार, त्यात नवल ते काय! गॅरेजवाल्यांनाही माझे सांगणे आहे. गिऱ्हाइकाने रोगाचे नाव सांगितले तरी गाडी स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नका. आणि तपासणीचा दर पाटीवर लिहा, लाजू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आवाजाचे वर्णन करायला आपल्या मराठीइतकी भरलेली पेटी क्वचितच सापडेल. घरघर, गुरगुर, करकर, कुरकुर, खडखड, खरखर, किणकिण, घूं घूं, टक्, धाड. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या दोषाकडे नेतो. जुन्या काळी उसाच्या मळ्यांत बैलगाडी हाकणाऱ्या आपल्या माणसांना चाक कुरकुरले की आसाला वंगण हवे आणि खडखडले की खीळ पाहायला हवी, हे कोणी शिकवावे लागत नव्हते. आज घरात क्रेओली बोलली जाते, गॅरेजातही तीच. त्यात काही वावगे नाही. पण मुलांच्या कानाला हे शब्द द्यावेत. ज्याच्याजवळ आवाजाला एकच शब्द आहे त्याला सगळे आवाज सारखेच वाटतात.

भाच्याची गाडी आता गप्प झाली आहे. बेअरिंग नवे, सील नवी, ब्रेकच्या पट्ट्या नव्या. परवा पहाटे तो भाजी घेऊन गेला. जाताना त्याने मला एक छोटी वही दाखवली. गाडीचा आवाज कधी, कुठे, कोणत्या वेगाला आला ते तो तीत टिपून ठेवणार आहे. तुम्हीही एक ठेवा. आणि पुढच्या वेळी गॅरेजात गेलात की एवढेच म्हणा, "मागून आवाज येतो. केव्हा येतो ते सांगतो. चला, बसा गाडीत."